परमिट परत केल्याशिवाय

बुऱ्हाणपूर हे मागांचं शहर. बुधवारा, शनवारा अशा वारांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या जुन्या पेठांत वीज गेली की 'कधी येणार?' हा पहिला प्रश्न, आणि लाइनवर काम निघालं असेल तर उत्तर ठरलेलं: 'लाइनमनने परमिट घेतलंय.' खांबावर चढण्यापूर्वी लाइनमन उपकेंद्रातून फीडर बंद करून घेतो, ऑपरेटर तशी नोंद करतो, आणि लाइनमन खाली उतरून परमिट परत करेपर्यंत त्या फीडरला कोणी हात लावायचा नसतो. एका माणसाचा जीव आणि कितीतरी मागांची मजुरी एकाच नोंदीवर टांगलेली असते. जीव आणि धंदा एका कागदावर आणणाऱ्या या पद्धतीचा माग काढायला बुऱ्हाणपूरच सोयीचं आहे.

नोव्हेंबर 1615 मध्ये इंग्लंडचा वकील टॉमस रो इथे येऊन मुघल शहजादा परवेझला भेटला. शहरात वखार काढायची परवानगी त्याने मागितली आणि ती मिळाली. हा जुन्या तऱ्हेचा परवाना: देणाऱ्याची मर्जी, घेणाऱ्याची सोय. काम संपलं म्हणून तो परत करायचा प्रश्नच नव्हता. त्याच वर्षाशी जोडला जाणारा कुंडी भंडारा मात्र आपल्या विषयाच्या अधिक जवळचा. सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणणारी ही योजना, आणि वर ओळीने शंभरावर कुंड्या. खाली उतरलेल्या माणसाला हवा आणि उजेड त्या कुंड्यांतूनच मिळायचा. अरुंद, बंदिस्त जागेत उतरणाऱ्याची काळजी इथे कागदाने नव्हे, बांधकामाने घेतली होती.

काम करणारा एकीकडे आणि कळ दाबणारा दुसरीकडे अशी वेळ आली तेव्हा कागद लागला, आणि ती वेळ रेल्वेने आणली. 10 सप्टेंबर 1874 च्या रात्री इंग्लंडमधल्या थॉर्प इथे एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर आदळून 25 माणसं गेली. गाडी सोडण्याची तार अधिकाऱ्याची सही होण्याआधीच पुढे गेली होती. त्यानंतर 1878 मध्ये एडवर्ड टायरने अशी यंत्रं काढली की एका टप्प्यासाठी एका वेळी एकच टॅब्लेट, म्हणजे गाडीला त्या टप्प्यावर जायची परवानगी देणारी चकती, बाहेर निघेल. ती पुढच्या स्थानकात यंत्रात पडेपर्यंत दुसरी निघायची नाही. आपल्याकडच्या एकेरी मार्गांवर ड्रायव्हरच्या हाती दिला जाणारा टोकनचा गोळा याच कुळातला. परत केल्याशिवाय पुढचं काम सुरू होणार नाही, हा नियम इथे लोखंडात ओतला गेला.

कारखान्यात लेखी परवानगी कायद्यातून आली. आपल्या 1948 च्या कारखाने अधिनियमातलं कलम 36 वायू साचू शकणाऱ्या टाकीत, खड्ड्यात, पाइपात उतरण्याबद्दल होतं. सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून जागा निर्धोक असल्याचं लेखी द्यायचं, नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र आणि दोर बांधलेला पट्टा लावायचा, दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हाती. जवळच्या नेपानगरला 1956 मध्ये नेहरूंनी राष्ट्रार्पण केलेली वृत्तपत्र-कागदाची गिरणी आहे; लगदा साठवणाऱ्या टाक्यांची साफसफाई असलेल्या अशा गिरण्यांसाठी हे कलम रोजच्या उपयोगाचं होतं.

कारखान्यात असं लेखी वर्क परमिटच्या पुस्तकातून दिलं जातं; ते पुस्तक पाहिलेल्यांना त्याचं रूप लगेच आठवेल. कार्बन घालून भरलेल्या तीन प्रती, एक कंट्रोल रूममध्ये, एक कामाच्या जागी प्लास्टिकच्या पिशवीत लटकवलेली, एक पुस्तकातच. ग्रीस लागलेल्या बोटांचे ठसे आणि तिसऱ्या प्रतीवर न उमटलेली सही. कागद चांगला असला तरी एक गोष्ट त्याला येत नाही: शेजारचा कागद काय म्हणतो ते त्याला कळत नाही.

उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर 6 जुलै 1988 ला नेमकं हेच घडलं. एका पंपाची मोठी दुरुस्ती निघाली होती, तिचं एक परमिट. त्याच पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता, त्याचं वेगळं परमिट. व्हॉल्व्हचं काम संध्याकाळपर्यंत पुरं झालं नाही; उघड्या तोंडाला झाकण बसवून माणसं परतली. रात्री दुसरा पंप बंद पडला. कंट्रोल रूममधल्यांना दुरुस्तीचं परमिट ठाऊक होतं, व्हॉल्व्हचं नव्हतं. पहिला पंप चालू झाला, झाकणातून वायू सुटला आणि 167 जण मेले. या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या लॉर्ड कलन यांच्या 1990 च्या अहवालात 106 शिफारशी आहेत, आणि परमिट पद्धतीचं ढिसाळपण त्यात नीट उघडं केलेलं आहे.

कागदाऐवजी पडद्यावर भरल्या जाणाऱ्या डिजिटल परमिटचा धंद्यातला खरा फायदा मला इथे दिसतो. कागदाची बचत ही किरकोळ बाब. एकाच यंत्रावरची दोन कामं पडद्यावर एकत्र दिसतात. वेल्डिंगचं परमिट मागितलं आणि शेजारी टाकीचं झाकण उघडं असलं तर प्रणाली अडवते. पाळी बदलली तरी अर्धवट काम लाल खुणेने समोर राहतं. शिवाय वाट पाहण्यात जाणारा वेळ. ठेकेदाराची माणसं सकाळी आठला हजर आणि सहीचा साहेब प्लांटच्या दुसऱ्या टोकाला. हा खोळंबा कोणत्याच हिशेबात दिसत नाही, पण त्याची मजुरी द्यावीच लागते आणि बंद यंत्र तेवढा वेळ जास्त बंद राहतं. परमिट कधी मागितलं, कधी मिळालं, कधी मिटलं याच्या वेळा आपोआप नोंदल्या गेल्या की व्यवस्थापकाला पहिल्यांदाच कळतं की उशीर कामात होतो की सहीत.

धोकाही याच सोयीत आहे. टेबलावरून न उठता दहा परमिटांवर बोट ठेवता येतं, तेव्हा 'स्वतः चाचणी करून' हे कलम 36 मधले शब्द मोडतात. म्हणून जी प्रणाली वायूच्या मोजणीचा आकडा आणि जागेवरची हजेरी घेतल्याशिवाय मंजुरी देत नाही, तीच मी चांगली मानतो. रंगाई-प्रक्रियेच्या छोट्या कारखान्यांत सांडपाण्याची टाकी साफ करायला रोजंदारीची माणसं उतरतात. तिथल्या मालकाने आधी वायुमापक विकत घ्यावा, बाहेर दोर धरणारा माणूस नेमावा, आणि मग फोनवरच्या परमिटकडे वळावं.