भांडवलाचा अंदाज आणि पावसाची साथ

दारिद्र्य हटवायला भांडवल किती लागेल, याचे आकड्यांतले उत्तर भारतात स्वातंत्र्याआधीच मांडले गेले. जानेवारी १९४४ मध्ये जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, जॉन मथाई आदी आठ जणांच्या ‘मुंबई योजने’ने पंधरा वर्षांत दरडोई उत्पन्न दुप्पट करण्यासाठी १०,००० कोटी रुपये धरले. त्यांपैकी ४,००० कोटी बचतीतून, १,००० कोटी ब्रिटनकडे साचलेल्या स्टर्लिंग शिलकीतून, ७०० कोटी परदेशी कर्जातून आणि तब्बल ३,४०० कोटी नवा पैसा निर्माण करून उभे राहायचे होते. म्हणजे गरजेचा सुमारे एक तृतीयांश भाग निव्वळ नव्या पैशावर विसंबून होता. त्यातून महागाई वाढेल हे ओळखूनच योजनाकारांनी कडक सरकारी नियंत्रणे सुचवली.

पुढे नियोजन आयोगाने हा हिशेब भांडवल-उत्पादन गुणोत्तरावर बसवला. एक रुपयाने उत्पन्न वाढवायला किती रुपये गुंतवावे लागतात, ते हे गुणोत्तर. पहिल्या पंचवार्षिक योजनेत (१९५१-५६) ते सुमारे तीन धरले होते, प्रत्यक्षात १.८ च्या आसपास भरले. राष्ट्रीय उत्पन्न अपेक्षित ११ टक्क्यांऐवजी १८ टक्क्यांनी वाढले. त्यात चांगल्या पावसाचा वाटा मोठा होता, तरी दुसऱ्या योजनेसाठी २.३ हे गुणोत्तर पुरेसे मानले गेले. मग त्या योजनेतल्या अवजड उद्योगांची यंत्रे आयात करता करता १९५७ पर्यंत परकीय चलनाची गंगाजळी आटत गेली. मुंबई विद्यापीठाच्या सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ मध्येच बजावले होते, की कामगाराच्या अन्नवस्त्राचा पुरवठा वाढल्याशिवाय रोजगार वाढणार नाही. तिजोरीतला रुपया धान्यही नसतो आणि डॉलरही नसतो. एकाच गुणोत्तरात हा भेद मावत नव्हता.

यावर कोणी म्हणेल, की अंदाजाशिवाय नियोजन होणार कसे? आक्षेप रास्त आहे. ‘मुंबई योजने’चे मोलही तेच, की तिने पैसा कुठून आणायचा हा प्रश्न टाळला नाही. पण अंदाज ही गृहीतकांची मांडणी असते आणि पीक, आयात, महागाई यांच्या कसोटीवर ती दरवर्षी तपासावी लागते. पावसाने दिलेले यश भांडवलाच्या खात्यावर जमा केले, ही त्या काळातली खरी चूक होती. ‘विकासाला इतके लाख कोटी हवेत’ असे आजही ऐकू येते, तेव्हा आकड्याआधी त्यामागची गृहीतके मागून घ्यावीत.