वऱ्हाडातले व्याख्यान आणि ऐकणाऱ्याचा वाटा

मराठीत व्याख्यानमालांचा इतिहास सांगायला घेतला की तो बहुधा पुण्यापासून सुरू होतो. 1875 साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला उभी राहिली आणि मग गावोगावच्या वाचनालयांनी तिचा कित्ता गिरवला, अशी ती मांडणी असते. वऱ्हाडापुरती ती अर्धीच खरी आहे. अमरावती-अकोल्याच्या वकील मंडळींनी सभा, अध्यक्ष, हारतुरे, आभारप्रदर्शन हे सगळे इथे रुजवले, आणि त्याचे मोल कमी नाही. पण स्वच्छता, कर्ज, शिक्षण, जातिभेद, शेती या विषयांवरचे बोलणे या प्रांतात लोकांच्या अंगी लागले ते दुसऱ्याच वाटेने. त्या वाटेवर ऐकणारा गप्प बसलेला नव्हता. आजच्या तज्ज्ञ-व्याख्यानांचा विचार करताना हा दुसरा इतिहास हाताशी असायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

आधी वकिलांकडे पाहू. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढे कापसाचा व्यापार वाढला, रेल्वे आली, कोर्टकचेऱ्या उभ्या राहिल्या आणि त्यांबरोबर इंग्रजी शिकलेला एक वर्ग तयार झाला. दादासाहेब खापर्डे, रंगनाथ नरसिंह मुधोळकर, मोरोपंत जोशी ही त्यातली ठळक नावे. 1897 चे काँग्रेस अधिवेशन अमरावतीला भरले, तेव्हा अध्यक्ष शंकरन नायर आणि स्वागताध्यक्ष खापर्डे होते. 1912 साली मुधोळकर बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी अकोल्यात हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले. टिळकांच्या होमरूल चळवळीत वऱ्हाडची शाखा वेगळी होती. एवढ्याशा प्रांताला देशाच्या राजकारणात आवाज मिळाला, तो या व्यासपीठांमुळेच. त्यांची मर्यादाही मात्र उघड होती. काँग्रेसचे कामकाज इंग्रजीत चाले. ज्याच्या कापसावर ही शहरे उभी राहिली त्या कास्तकाराला मांडवात जागा मिळाली असती, तरी भाषणातले काही कळले नसते.

या सभांची चौकट तीच ठेवून आतला व्यवहार पालटणारी एक सभा अमरावतीतच झाली. नोव्हेंबर 1927 मध्ये इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्य समाजाची परिषद भरली. तिच्यापुढे प्रश्न होता अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा. समोर बसलेल्यांना टाळ्या वाजवून घरी जायचे नव्हते. सत्याग्रह आत्ता करायचा की काही काळ थांबायचे, हे तिथे ठरायचे होते आणि थांबण्याचा निर्णय झालाही. बोलणारा विद्वान होता म्हणून ऐकणाऱ्यांचा निर्णयावरचा हक्क गेला नाही.

पण या दुसऱ्या परंपरेचे सर्वांत मोठे नाव गाडगेबाबांचे. 1876 साली अंजनगाव सुर्जी भागातल्या शेंडगावात त्यांचा जन्म झाला. दिवसा हातातल्या खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम. हा क्रमच मुळात महत्त्वाचा आहे, कारण विषय आधी डोळ्यांसमोर आणि मग कानावर येई. कीर्तनाची रीत त्याहून महत्त्वाची. बाबा वऱ्हाडी बोलीत प्रश्न टाकत: कर्ज काढून सण करावा का, देवापुढे मुके जनावर कापावे का, पोराला शाळेत घालावे की नाही. उत्तर समुदायाने द्यायचे. आले नाही तर तोच प्रश्न उलटसुलट करून पुन्हा यायचा. त्यांच्या कीर्तनाचे जे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे, त्यात लोकांचे ‘हो’ आणि ‘नाही’ बाबांच्या आवाजाइतकेच ठळक ऐकू येतात. ती उत्तरे काढून टाकली तर कीर्तन उरतच नाही. स्वतःच्या तोंडाने चार माणसांत दिलेले उत्तर दुसऱ्या दिवशी मोडणे जड जाते, हे त्या रीतीमागचे शहाणपण.

यावर आक्षेप येईल की कीर्तन म्हणजे तज्ज्ञाचे व्याख्यान नव्हे. गाडगेबाबा शाळा शिकलेले नव्हते; जंतुशास्त्र त्यांना कोण सांगणार? आक्षेप रास्त आहे. नवे ज्ञान निर्माण करणे हे कीर्तनाचे काम नव्हते आणि प्रयोगशाळेची जागा ते घेऊ शकत नाही. पण ज्ञान कसे पोचते हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्यावर मोजमाप झालेले आहे. 1956 साली, म्हणजे बाबांचे निधन झाले त्याच वर्षी, आकाशवाणी आणि युनेस्कोने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत एक प्रयोग केला. दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे केली. शेती, आरोग्य अशा विषयांवरचे वीस कार्यक्रम त्यांना ऐकवले आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर गावकऱ्यांनी आपसांत चर्चा केली. तुलनेसाठी नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओ नसलेलीही गावे घेतली होती. चर्चा झालेल्या गावांतल्या लोकांची माहिती लक्षणीय वाढली. नुसता रेडिओ असलेली गावे फारच मागे राहिली. तज्ज्ञ तेच होते, आवाज तोच होता. फरक पडला तो ऐकून झाल्यावरच्या बोलण्याने.

तुकडोजी महाराजांनी हीच रीत संघटनेत बसवली. यावलीत जन्मलेल्या महाराजांनी 1935 च्या सुमारास मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. खंजिरीवरच्या भजनाला त्यांनी सामुदायिक प्रार्थना आणि गावोगावच्या सेवामंडळांची जोड दिली. त्यांच्या ग्रामगीता या ग्रंथाचे विषय पाहिले तर ती ग्रामसुधारणेवरची मालिकाच वाटते. 1942 मध्ये सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. भजने फक्त ऐकून सोडली जात नव्हती, हे सरकारलाही कळले होते.

शेतीकडे आले की हा मुद्दा आणखी टोकदार होतो. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ अकोल्यात 1969 साली सुरू झाले. तिथली शिवार फेरी मला वऱ्हाडातल्या व्याख्यान-परंपरेची खरी वारसदार वाटते. शेतकरी उभ्या पिकातून फिरतो, बोंड हातात घेतो आणि शास्त्रज्ञाला तिथेच विचारतो. गुलाबी बोंडअळीचेच पाहा. तज्ज्ञ सांगतात, डिसेंबरनंतर कपाशी ठेवू नका, फरदड घेऊ नका, कारण अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. पण शेतकऱ्याला फरदडीतून जवळपास बिनखर्चाचा थोडा कापूस मिळतो आणि हाताशी पैसा येतो. बीटी बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅमचे साधे बियाणे मिळे, ते अळीला बीटीची सवय लागू नये म्हणून शेताच्या कडेने पेरायचे असे. अनेकांनी ते पेरलेच नाही, कारण अळीला खाऊ घालण्यासाठी जमीन का द्यायची याचे उत्तर त्यांना कुणी हिशेबासकट दिले नव्हते. असा प्रश्न शेतकऱ्याने विचारला की शास्त्रज्ञाला स्वतःच्या शिफारशीतला कच्चा दुवा सापडतो. म्हणून प्रश्नोत्तरे शेवटच्या पाच मिनिटांत उरकणे हे व्याख्यानाचेच नुकसान आहे.

कुणी म्हणेल, मग एवढी परंपरा असताना 2017 मध्ये कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले ते कसे? ही टीका सहजासहजी झटकता येत नाही. मास्क, हातमोजे, वाऱ्याची दिशा यांची माहिती डब्यावर छापलेली होती. ती अक्षरे बारीक होती आणि फवारणारा बहुतेकदा मजूर होता. त्याला सल्ला मिळे तो कृषी केंद्राच्या काउंटरवरून मालकाने आणलेला, तोही विक्रेत्याचा. ज्याच्या अंगावर औषध उडते तो माणूस कोणत्याही व्याख्यानाच्या पहिल्या रांगेत नव्हता. परंपरा अपुरी पडली ती इथे: तिची पोच जमीनदार कास्तकारापाशी थांबली. आज अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत कृत्रिम बुद्धिमत्ता, मानसिक आरोग्य, सायबर फसवणूक यांवर तज्ज्ञ बोलावले जातात. त्या प्रत्येक कार्यक्रमाच्या आयोजकांनी हॉल भरला का हे विचारण्याआधी, ज्याच्यासाठी हे बोलणे आहे तो हॉलमध्ये आला का आणि त्याला त्याच्या बोलीत उलट विचारता आले का, हे विचारावे. फवारणीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी मजुरांच्या वस्तीत, पंप पाठीवर घेऊन, संध्याकाळच्या वेळी अशी एक बैठक लावणे कोणत्याही कृषी महाविद्यालयाला अवघड नाही.