जुन्या मोटारीची ओळख : नंबर, कागद आणि लोखंड

जुनी, किमती मोटार विकत घेण्याआधी ती सांगितली जाते तीच आहे ना, हे तपासण्याची रीत मोटारीइतकी जुनी नाही. मोटार जोवर वापरण्याची वस्तू होती, तोवर हा प्रश्न फारसा कोणाला पडत नसे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी उंची मोटार बहुधा एका छपराखाली तयारच होत नसे. रोल्स-रॉइस किंवा बेंटले यांसारख्या कंपन्या इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांसह नुसती चॅसी विकत. तिच्यावर बॉडी चढवण्याचे काम बार्कर, हूपर असे कोचबिल्डर करीत. भारतात मद्रासची सिम्प्सन आणि कलकत्त्याची स्ट्युअर्ट या पेढ्याही हे काम करीत. मालकाची हौस फिरली की बॉडी उतरवून दुसरी बसवली जाई आणि इंजिन थकले की बदलले जाई. बंद गाडीची उघडी टूरर झाली म्हणून तिला कोणी खोटी म्हणत नसे. या सगळ्या उलथापालथीत टिकून राहणारी खूण एकच, चॅसी नंबर. तो कारखान्याच्या दप्तरात गिऱ्हाइकाच्या नावासह लिहिलेला असे. रोल्स-रॉइसच्या चॅसींची अशी मूळ कार्डे इंग्लंडमधील पॉलर्सपरी येथे त्या मोटारींच्या शौकिनांच्या क्लबने जपून ठेवली आहेत.

सरकारी नोंद नंतर आली. ब्रिटनमध्ये १९०३च्या मोटार कायद्यानुसार १ जानेवारी १९०४पासून प्रत्येक गाडीला नंबरप्लेट सक्तीची झाली. १९२१पासून मालकाच्या हाती लॉगबुक पडू लागले. त्यात चॅसी नंबर, इंजिन नंबर, रंग आणि बदलत गेलेले मालक यांची नोंद असे. १९७४पासून ही नोंदणी स्वॉन्झी येथे एकवटली आणि त्या घडामोडीत अनेक स्थानिक कार्यालयांची जुनी रजिस्टरे नष्ट झाली. मूळ रजिस्टर गेले की हातातले लॉगबुक हाच पुरावा उरतो, आणि कागदाला महत्त्व आले की त्याचा बाजारही सुरू होतो. भंगारात गेलेल्या गाडीचे लॉगबुक मिळवायचे आणि त्याबरहुकूम नवी गाडी उभी करायची, हा लबाडीचा सरळ मार्ग झाला. ज्या गाडीचे वय किंवा ओळख पटत नाही तिच्यासाठी ब्रिटनमध्ये १९८३मध्ये ‘क्यू’ अक्षराने सुरू होणारा नंबर आला. आमूलाग्र बदललेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवू द्यायचा की नाही, हे २०२५पर्यंत गुणांवर ठरत असे. मूळ चॅसीला ५ गुण; सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २; इंजिनाला फक्त १. किमान ८ गुण भरावे लागत आणि त्यांत चॅसीचे ५ असावेच लागत.

अमेरिकेत मात्र सगळा भर इंजिनावर पडला. तिथली किमती जुनी मोटार कारखान्यातच, हजारोंच्या संख्येने तयार झालेली असते. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत भावाचा मोठा फरक पडतो तो आत कोणते इंजिन बसवून ती कारखान्याबाहेर पडली यावरून. आणि नेमके तेच कारखान्याने गाडीला दिलेल्या नंबरातून कळेल असे नाही. पाँटिॲकची जीटीओ १९६४ आणि १९६५ या वर्षी स्वतंत्र मॉडेल नव्हतीच. ‘ल माँ’ या साध्या मॉडेलवर जादा पैसे भरून घेण्याचा तो एक पर्याय होता. त्यामुळे त्या दोन वर्षांच्या गाडीचा नंबर कितीही खरा असला तरी ती जीटीओ आहे का, हे तो सांगत नाही. १९६६मध्ये जीटीओला वेगळी मालिका मिळाली आणि मगच नंबर बोलू लागला.

शेवरले कॉर्व्हेटच्या बाबतीत ही तपासणी जवळजवळ शास्त्र बनली. १९७४मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीने तिला शिस्त लावली. १९६७च्या मोठ्या इंजिनाच्या कॉर्व्हेटचे बॉनेट उघडले की ब्लॉकच्या पुढच्या उजव्या टोकाला, सिलिंडर हेडच्या खाली, एक छोटी सपाट जागा दिसते. तिथे ‘टी ०३१५ जेई’ असे ठोकलेले असेल, तर इंजिन टोनावाँडाच्या कारखान्यात १५ मार्चला जुळवले गेले आणि ते ४२७ घनइंचांचे, ४३५ अश्वशक्तीचे आहे, असा अर्थ होतो. शेजारी गाडीच्या नंबराचे शेवटचे आकडे असतात. ब्लॉकच्या अंगावर ओतकामाची तारीख वेगळी उठलेली असते : महिन्यासाठी अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. मार्चच्या ५ तारखेला ओतलेला ब्लॉक १५ मार्चला जुळवला जाणे आणि त्यानंतर गाडीत बसणे, हा क्रम पटतो. जुळवणीची तारीख ओतकामाच्या आधीची निघाली, तर पुढे बोलण्याचे कारण उरत नाही.

तारखा जुळवून देणारे कारागीरही निघालेच. जुना आकडा घासून नवा ठोकणे अवघड नाही. अवघड आहे ती त्याखालची जमीन. कारखान्यात ब्लॉकचा वरचा भाग तासताना त्या सपाट जागेवर बारीक समांतर रेघा उमटत. आकडा घासला की त्या रेघाही जातात. म्हणून जाणता खरेदीदार आकडा वाचण्याआधी बॅटरीचा उजेड तिरपा टाकून रेघा पाहतो. याच सुमाराच्या कॉर्व्हेटमध्ये आणखी एक साक्षीदार सापडू शकतो. गाडी जुळवताना कामगारांनी तिच्या सामानाची यादी पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर चिकटवलेली असे. टाकी उतरवल्याशिवाय ती दिसत नाही, आणि अनेक गाड्यांत ती कुजून गेलेली असते. जिथे शाबूत असते तिथे दहा दाखल्यांचे काम एकटी करते.

ब्रिटिश आणि अमेरिकी या दोन दृष्टींचा कस लागावा असा खटला १९९०मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात उभा राहिला. वाद होता ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटले स्पीड सिक्सचा. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल माँची २४ तासांची शर्यत वूल्फ बार्नाटोने याच गाडीवर जिंकली होती. पहिल्या वर्षी बर्किन आणि दुसऱ्या वर्षी किडस्टन त्याच्या जोडीला होता. १९३२मध्ये ८ लिटरचे इंजिन घालून ती ब्रुकलंड्सच्या शर्यतीत उतरली. तिथे ती कठड्यावरून उलटली आणि क्लाइव्ह डनफी हा चालक ठार झाला. त्यानंतर ती कूपे म्हणून नव्याने बांधण्यात आली. जवळपास ६० वर्षांनी तिचा सौदा १ कोटी पौंडांना ठरला. ही मूळची ‘ओल्ड नंबर वन’ नव्हेच, असे म्हणत खरेदीदार कंपनीने माघार घेतली आणि प्रकरण न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे गेले.

तज्ज्ञांनी गाडी सुट्या भागांगणिक तपासली. १९२९च्या गाडीचे म्हणून खात्रीने दाखवता येईल असे जवळजवळ काही उरले नव्हते. १९३०च्या गाडीचे उरले होते पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा खांब. चॅसी, पुढचा ॲक्सल आणि ८ लिटरचे इंजिन होते ते १९३२च्या शर्यतीचे. लोखंडाच्या हिशेबाने खरेदीदाराची बाजू भक्कम होती. तरीही निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. सुटे भाग बदलत गेले, पण गाडी मोडीत निघून दुसरी उभी राहिली असा क्षण तिच्या इतिहासात कुठेच नव्हता. त्याच नावाने ती अखंड ओळखली जात होती. न्यायमूर्तींनी तिला जशीच्या तशी मूळ गाडी म्हटले नाही, पण अस्सल म्हटले. हा भेद योग्यच होता. शर्यतीच्या गाडीचे भाग एका मोसमात अनेकदा बदलतात. तिच्याकडे पहिल्या दिवसाचे लोखंड मागणे म्हणजे ती शर्यतीत धावलीच नाही असे गृहीत धरणे. अखंड इतिहास कागदोपत्री दाखवता येणे ही त्या निकालाची खरी अट होती, आणि बनावट गाडीला तीच पुरी करता येत नाही.

सगळ्या कंपन्यांना एकाच साच्याचा, १७ अक्षर-अंकांचा नंबर अमेरिकेत १९८१पासून लागू झाला. त्यात गोंधळ होऊ नये म्हणून आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वगळली आहेत. नववे स्थान पडताळणीचे आहे, त्यामुळे मनाने रचलेला नंबर बहुधा गणितातच अडकतो. त्याआधीच्या गाड्यांना हे संरक्षण नाही, आणि बाजारात मोल आहे ते बहुतांशी त्यांनाच.

भारतात अडचण निराळ्या कारणाने येते. परदेशी सुटे भाग मिळणे दुरापास्त होते त्या दशकांत कित्येक ब्यूक आणि शेवरले गाड्या ॲम्बॅसेडरच्या किंवा डिझेलच्या इंजिनावर तगल्या. इंजिन बदलल्याची नोंद आरसी बुकात होणे कायद्याने आवश्यक असले, तरी ती प्रत्येक वेळी झाली नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये काढलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवरील खासगी गाडीची ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी करता येते. मुदत १० वर्षांची, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. मात्र चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट त्यात आहे. म्हणून मुंबई-पुण्यात अशी गाडी घेणाऱ्याने रंगरंगोटी पाहण्याआधी आरसी बुकातला इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी ताडून पाहावा आणि चॅसी नंबर जिथे ठोकलेला आहे त्या जागेवरचा रंग खरवडून आसपास वेल्डिंगचा जोड आहे का, ते तपासावे. आधीच्या मालकांचे जुने विमा-कागद, कराच्या पावत्या आणि छायाचित्रे मिळतील तितकी गोळा करावीत. आरसी बुकातली गाळलेली वर्षे बहुधा त्यांतूनच भरून निघतात.