जॉर्ज लेली यांची आकडी

१/ लाकडी वाडगा घडवण्यास कोणते हत्यार अपरिहार्य? इंग्लंडमधील बर्कशायर परगण्यातील बकलबरीचे कारागीर जॉर्ज लेली (मृत्यू १९५८) यांच्या कामात त्याचे उत्तर सापडते: आकडी.

२/ त्यांचा लेथ पायाने चाले. वरच्या लवचीक दांड्याला बांधलेली दोरी कण्याला वेढा घेऊन पायपट्टीपर्यंत येई. पट्टी दाबली की लाकूड कारागिराकडे फिरे, सोडली की उलटे. कापणी फक्त दाबताना होई.

३/ सरळ छिन्नीला वाडग्याच्या बुडाखालून वळता येत नाही. टोकाशी वाकवलेली, लांब दांड्याची आकडी तेथवर पोहोचते. म्हणूनच लेली एल्मच्या एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे अनेक वाडगे काढीत. नुसते पोकरले असते, तर आतले सारे लाकूड भुश्यात गेले असते.

४/ त्यांच्या पश्चात हा व्यवसाय चालवणारा वारस उरला नाही. परंतु लेथ व हत्यारे रेडिंग येथील ग्रामजीवन संग्रहालयात जतन झाली. पुढे रॉबिन वुड यांनी त्यांचा अभ्यास केला, तशा आकड्या स्वतः घडवल्या आणि ही कला पुन्हा उभी केली.

५/ ती हत्यारे भंगारात गेली असती, तर हा धडा देणारे दुसरे कोणी उरले नव्हते.