नगर अनुदानातून फुललेल्या सामूहिक बागा

शहरातील मोकळ्या भूखंडावर परिसरातील रहिवाशांनी एकत्र येऊन भाजीपाला, फळे आणि फुले पिकवावीत, या कल्पनेतून उभ्या राहणाऱ्या बागेस सामूहिक बाग म्हणतात. जागा बहुधा नगर प्रशासनाची, श्रम रहिवाशांचे आणि उत्पन्न त्यांच्याच स्वयंपाकघरात किंवा गरजूंसाठी चालणाऱ्या अन्नपेढीत, अशी तिची सर्वसाधारण रचना असते. अशा बागांना नगर प्रशासनाने पैसा, साहित्य आणि जमीन पुरवण्याची पद्धत अमेरिकेत १९७० च्या दशकात रुजली. एखाद्या महानगराच्या अंदाजपत्रकात ही रक्कम नगण्यच म्हणावी लागेल. मात्र ती कोणत्या अटींवर दिली जाते आणि ज्या जमिनीवर ती खर्च होते त्या जमिनीवर बागेचा हक्क किती पक्का आहे, यावर बागेचे आयुष्य अवलंबून असते. सिएटल, न्यूयॉर्क आणि अर्जेंटिनातील रोसारिओ या तीन शहरांचा अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

सिएटल : एका शेतातून सुरुवात

१९७० च्या सुमारास बोइंग या विमाननिर्मिती कंपनीत मोठी कामगारकपात झाली आणि तिच्यावर विसंबून असलेले सिएटल शहर बेरोजगारीने ग्रासले गेले. शहराच्या ईशान्य भागात पिकार्डो या इटालियन वंशाच्या कुटुंबाचे शेत होते. या शेताचा काही भाग परिसरातील मुलांना आणि पालकांना भाजी पिकवण्यासाठी मिळाला आणि तेथील भाजी गरजूंपर्यंत पोहोचू लागली. पुढे नगर प्रशासनाने या उपक्रमात लक्ष घातले आणि १९७३ मध्ये सामूहिक बागांचा अधिकृत कार्यक्रम सुरू झाला. त्याचे नाव ‘पी-पॅच’. त्यातील ‘पी’ हे अक्षर पिकार्डो कुटुंबाचे स्मरण म्हणून घेतले आहे. आज या कार्यक्रमाखाली शहरात सुमारे ९० बागा आहेत. आपला वाफा कसणारे रहिवासी दरवर्षी हजारो किलो ताजी भाजी अन्नपेढ्यांना देतात.

लोकवाट्याचे गणित

या बागांच्या विस्तारामागे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘नेबरहुड मॅचिंग फंड’ या निधीचा मोठा वाटा आहे. आपल्याकडील पाणीपुरवठा योजनांमधील लोकवाट्याशी या निधीच्या तत्त्वाचे साम्य आढळते. रहिवाशांनी आपला वाटा उभा करावा आणि शहराने तेवढीच रक्कम द्यावी, हे त्याचे मूळ सूत्र. मात्र हा वाटा रोखीतच असावा, असा आग्रह नाही. दान मिळालेले लाकूड, माती वा रोपे, वास्तुरचनाकाराने विनामूल्य दिलेला सल्ला आणि रहिवाशांचे श्रमदान यांचेही मूल्य धरले जाते. श्रमदानाच्या प्रत्येक तासाला ठरावीक दर लावून त्याची नोंद ठेवली जाते.

या एका तरतुदीने अनुदानाचे स्वरूपच पालटले. ज्यांच्या खिशात पैसा नाही, पण हातात कष्ट आहेत, अशांनाही शहराच्या तिजोरीपर्यंत पोहोचण्याची वाट मिळाली. दुसरा लाभ प्रशासनाचा झाला. श्रमदानासाठी किती माणसे पुढे येतात, यावरून बाग पुढे कोण सांभाळणार याचा अंदाज पैसा खर्च होण्यापूर्वीच बांधता येऊ लागला. १९९१ मध्ये या निधीला शासकीय नवोपक्रमांसाठीचा अमेरिकेतील प्रतिष्ठेचा पुरस्कार मिळाला आणि अन्य शहरांनीही त्याचे अनुकरण केले.

‘बीकन फूड फॉरेस्ट’ हे या पद्धतीचे ठळक उदाहरण. सिएटलच्या पाणीपुरवठा खात्याच्या सुमारे सात एकर उतारावर फळझाडे, झुडपे आणि भाज्या यांचे खाद्यवन उभारण्याची कल्पना रहिवाशांनी मांडली. प्रथम आराखड्यासाठी छोटे अनुदान मिळाले. त्या आराखड्यावर परिसरात चर्चा झाली, पाठिंबा दिसून आला आणि त्यानंतर २०११ मध्ये एक लाख डॉलरचे अनुदान मंजूर झाले. टप्प्याटप्प्याने पैसा देण्याची ही रीत कागदावरील स्वप्ने आणि प्रत्यक्षात येऊ शकणाऱ्या योजना यांच्यातील फरक वेळीच दाखवून देते. २००८ मध्ये मतदारांनी उद्यानांसाठी १४ कोटी ६० लाख डॉलरच्या विशेष कराला मंजुरी दिली, त्यातील २० लाख डॉलर सामूहिक बागांसाठी राखून ठेवण्यात आले होते.

पैसा कशावर खर्च होतो

अनुदानातील फार थोडा भाग बियाणांवर खर्च होतो. मोठा खर्च असतो तो पाण्याची जोडणी, कुंपण, अवजारांची खोली, वाट आणि माती यांवर. जुन्या इमारती पाडून मोकळ्या झालेल्या भूखंडांच्या मातीत जुन्या रंगातील शिशाचा अंश राहून गेलेला असतो. त्यामुळे तेथे काही पेरण्यापूर्वी मातीची तपासणी करावी लागते. माती दूषित निघाल्यास लाकडी चौकटी करून त्यांत स्वच्छ माती आणि कंपोस्ट खत भरले जाते. वृद्ध आणि अपंग रहिवाशांसाठी हे वाफे कमरेइतक्या उंचीचे करतात. ही कामे एकदाच करावी लागतात. पण त्यांच्यासाठी लागणारी रक्कम वस्तीतून गोळा होणे कठीण असते. शहराच्या अनुदानाची खरी गरज येथेच भासते.

न्यूयॉर्क : बाग फुलली, जमीन महागली

१९७० च्या दशकात आर्थिक दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असलेल्या न्यूयॉर्कमध्ये मालकांनी सोडून दिलेल्या इमारती आणि कर थकल्यामुळे शहराच्या ताब्यात आलेले भूखंड यांची संख्या मोठी होती. १९७३ मध्ये लिझ क्रिस्टी या चित्रकर्तीने सहकाऱ्यांसह ‘ग्रीन गेरिलाज’ हा गट स्थापन केला आणि बाउरी व ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील कचऱ्याने भरलेला भूखंड साफ करून तेथे बाग केली. पुढल्याच वर्षी शहराने ती जागा महिना एक डॉलर भाड्याने दिली. अशा बागांची संख्या वाढताच १९७८ मध्ये ‘ग्रीनथंब’ हा नगर कार्यक्रम सुरू झाला. त्यासाठी संघराज्य सरकारकडून शहरांना मिळणाऱ्या विकासनिधीचा आधार घेण्यात आला. रोख रकमेपेक्षा लाकूड, माती, अवजारे आणि प्रशिक्षण देण्यावर ग्रीनथंबचा भर राहिला. आज त्याच्या छत्राखाली ५५० हून अधिक बागा आहेत.

या व्यवस्थेत एक उणीव होती. बागांना मिळालेले परवाने तात्पुरते होते. रहिवाशांनी वीस वर्षे खपून परिसर राहण्याजोगा केला, तसतशी जमिनीची किंमत चढत गेली आणि तीच बागांच्या मुळावर आली. १९९९ मध्ये महापौर रुडॉल्फ जुलियानी यांच्या प्रशासनाने शंभराहून अधिक बागांचे भूखंड लिलावात काढले. शहराला घरांची गरज आहे, हा प्रशासनाचा युक्तिवाद होता आणि तो सर्वस्वी पोकळ नव्हता. मात्र अनेक वस्त्यांत याच बागा हिरवळीचा एकमेव तुकडा होत्या. निदर्शने झाली, न्यायालयात दावे दाखल झाले. लिलावाच्या तोंडावर ‘ट्रस्ट फॉर पब्लिक लँड’ आणि अभिनेत्री बेट मिडलर यांनी स्थापन केलेला ‘न्यूयॉर्क रिस्टोरेशन प्रोजेक्ट’ या दोन संस्थांनी सुमारे ४२ लाख डॉलर मोजून हे भूखंड विकत घेतले. शहराच्याच मदतीने उभ्या राहिलेल्या बागा शहराकडूनच विकत घेण्याची वेळ आली. उर्वरित बागांचा प्रश्न २००२ मध्ये तडजोडीने सुटला. शेकडो बागांना संरक्षण मिळाले, काही भूखंड घरांसाठी गेले आणि बाग हटवायची झाल्यास पर्यायी जागा सुचवण्याची कार्यपद्धती ठरली.

सिएटलमध्येही असाच प्रसंग उद्‌भवला होता. शहराने उद्यानासाठी घेतलेल्या ब्रॅडनर येथील जागेवर घरे बांधण्याचा बेत १९९० च्या दशकात पुढे आला. रहिवाशांनी सह्यांची मोहीम उघडली आणि १९९७ मध्ये नगर परिषदेने तिचे कायद्यात रूपांतर केले. उद्यानाची जमीन अन्य कामासाठी घ्यायची असल्यास जाहीर सुनावणी घेणे आणि त्याच परिसरात तितकीच उपयुक्त जमीन देणे शहरावर बंधनकारक झाले. ब्रॅडनरची बाग वाचली. खासगी मालकांकडून वापरायला मिळालेल्या जागांना मात्र हे कवच लाभत नाही.

रोसारिओ : संकटातून धोरण

अर्जेंटिनात २००१ च्या अखेरीस अर्थव्यवस्था कोलमडली आणि रोसारिओ शहरातील असंख्य कुटुंबांवर उपासमारीची वेळ आली. २००२ मध्ये तेथील नगर प्रशासनाने नागरी शेतीचा कार्यक्रम हाती घेतला. बियाणे, अवजारे आणि सेंद्रिय शेतीचे प्रशिक्षण यांबरोबरच शहराने पडीक सार्वजनिक जमिनी कसण्यासाठी दिल्या आणि पिकलेला माल विकण्यासाठी आठवडी बाजार भरवले. पुढे नगररचनेच्या आराखड्यातच या शेतीला स्थान मिळाले. संकट ओसरल्यावरही कार्यक्रम टिकला, त्याचे मोठे श्रेय या तरतुदीला जाते. २००४ मध्ये या उपक्रमाला दुबई आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तर २०२१ मध्ये ‘वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट’चा शहरांसाठीचा पुरस्कार लाभला.

मर्यादा आणि बोध

या योजना निर्दोष नाहीत. अर्ज लिहिणे, अंदाजपत्रक मांडणे, श्रमदानाचे तास नोंदवणे या गोष्टी सुशिक्षित वस्त्यांना सहज जमतात; दोन पाळ्यांत राबणाऱ्या किंवा स्थानिक भाषा न येणाऱ्या स्थलांतरितांना त्या जड जातात. म्हणूनच सिएटलने गृहनिर्माण विभागाच्या साह्याने अल्प उत्पन्न गटाच्या वसाहतींत स्वतंत्र बागा सुरू केल्या. उभारणीसाठी पैसा मिळतो, पण दैनंदिन देखभालीसाठी आणि समन्वयकाच्या वेतनासाठी तो मिळवणे अवघड जाते, ही अडचण सर्वत्र आहे. शहराची पोटाची गरज अशा बागांतून भागेल, असा दावाही कोणी करत नाही.

तिन्ही शहरांच्या अनुभवातून एक गोष्ट मात्र स्पष्ट होते. कुंपण, नळ आणि माती यांसाठी दिलेले अनुदान पाच-दहा वर्षांत झिजून जाते. जमिनीची कायदेशीर हमी मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुरते. रहिवाशांच्या घामाने ज्या जागेचे मोल वाढले, त्या जागेवरून त्यांनाच उठवले जाणार नाही, एवढी तरतूद अनुदान मंजूर करतानाच झाली, तर शहराने खर्चलेला पैसा आणि रहिवाशांनी केलेले श्रमदान दोन्ही सार्थकी लागतात.