डिझेल आहे, वाजणारच!

मागच्या शनिवारी उरणला मावशीकडे मुक्काम होता. रविवारी पहाटे गाडी सुरू केली, तर डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड! तीन सेकंदांत गायब. म्हटलं, डिझेल आहे, वाजणारच.

न्हावा शेव्याच्या रस्त्यावर चहाला थांबलो. हे बंदर १९८९ साली सुरू झालं, तेव्हापासून इथे ट्रेलर चालवणारे एक काका भेटले. त्यांनी एकच विचारलं, "किती वेळ वाजते?"

प्रश्न साधा, पण त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, मंडळी. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली ऑग्सबुर्गमध्ये नीट चाललं. त्यात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटतं. इंजिन गार असलं की पेटायला उशीर होतो, साठलेलं इंधन एकदम भडकतं आणि टकटक ऐकू येते. इंजिन तापेपर्यंत ती चालूच राहते. १९९७ साली कारमध्ये कॉमन रेल आली. संगणक आधी इंधनाचा छोटा फवारा सोडतो, मग मोठा. टकटक बरीच कमी झाली. म्हणजे आवाज बसवला आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांनीच!

माझी गाडी कॉमन रेलवालीच, त्यामुळे माझी सबब जुनी झालेली. काका म्हणाले, "तीन सेकंदांत थांबते म्हणजे ऑइल वर चढायला वेळ लागतोय. रात्रभरात खाली उतरतं ना ते."

चहा संपवून डिपस्टिक काढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली! तसाच पुण्यापर्यंत गेलो असतो तर?

असो. बग कुठे आहे यापेक्षा तो किती वेळ टिकतो, हे आधी विचारायला हवं.