भोकरदन

जालना जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व सातवाहनकालीन नगर. जालन्याच्या उत्तरेला सुमारे ५० किमी., केळणा नदीच्या काठी. प्राचीन नाव भोगवर्धन. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्याचे विभाजन होऊन जालना जिल्हा झाला आणि भोकरदन तालुका त्यात आला. बहुतेक प्रवासी हे गाव अजिंठ्याच्या वाटेवरचा चहाचा थांबा म्हणूनच ओळखतात. वस्तुतः येथे चार दिवसांचा मुक्काम टाकावा इतके या परिसरात आहे.

गावालगत पांढरीच्या मातीची टेकाडे आहेत. पाऊस पडून गेला की त्यांच्या उतारावर खापरांचे तुकडे उघडे पडतात. काही लाल, काही काळे, काहींना अजून तकाकी असलेली. १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ व मराठवाडा विद्यापीठ यांनी येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि रा. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहून पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केला. निममौल्यवान खड्यांचे मणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या मूर्ती, सातवाहनांची नाणी आणि हस्तिदंती कोरीवकाम असा ऐवज हाती आला. त्यावरून हे केवळ खेडे नसून कारागिरांचे, व्यापाऱ्यांचे भरलेले गाव होते हे स्पष्ट झाले. सांची व भारहूत येथील स्तूपांच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नोंद आहे. एवढ्या लांब जाऊन दगडावर आपल्या गावाचे नाव कोरून घेणाऱ्या माणसांच्या गाठीला पैसा होता आणि गावाचा अभिमानही.

उत्खननात मिळालेली एक हस्तिदंती स्त्रीप्रतिमा विशेष महत्त्वाची ठरली. इटलीतील पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथील एका घरात १९३८ मध्ये सुमारे २५ सेंमी. उंचीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. अंगभर दागिने ल्यालेली स्त्री, दोन बाजूंना दोन लहान सेविका, आणि डोक्यापासून खाली कोरलेले भोक. यामुळे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी असे मानतात. सध्या ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनच्या प्रतिमेशी तिचे घडणीचे साम्य इतके आहे की ती मूळची याच भागातील असावी, असे मत काही अभ्यासकांनी मांडले. तेर येथेही याच जातीचे काम मिळाले आहे. मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर असल्याने ती वायव्येकडची असावी असाही पक्ष आहे, आणि वाद मिटलेला नाही. तरीही भारतातील कारागिराचा हात आणि भूमध्य समुद्राकाठचे घर यांच्यात माल नेणारी एक जिवंत वाट होती, एवढे त्यातून निश्चित दिसते.

ती वाट कशी होती, हे इ. स. पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या त्याच्या प्रवासमार्गदर्शिकेत भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर, असा उल्लेख येतो. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तगरहून कापड गाड्यांतून बंदराला जात असे. पुस्तकात भोगवर्धनचे नाव नाही. पण पैठणहून उत्तरेला, अजिंठ्याच्या घाटाकडे व पुढे उज्जैनकडे जाणाऱ्या मार्गावर ते पडत होते.

गावाच्या आग्नेयेला इंग्रज-मराठे लढाईचे असईचे रणक्षेत्र आहे. ते पाहायला जाताना आधी नद्या समजून घ्याव्यात. दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई, पूर्वेला दोघींचा संगम, आणि मधल्या जिभेसारख्या पट्ट्यात असई. २१ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची बदनापूरला भेट झाली व दोन वाटांनी निघून २४ तारखेला भोकरदनवर एकत्र यायचे ठरले. २३ तारखेला वेलस्लीला कळले की दौलतराव शिंदे व रघुजी भोसले यांची फौज भोकरदनला नसून हाकेच्या अंतरावर केळणेपलीकडे आहे. वाटाड्यांनी नदीला उतार नाही असे सांगितले. वेलस्लीने दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहिली (इंग्रजी कागदांत त्यांची नावे पीपलगाव व वरूर अशी येतात) आणि गावे अशी समोरासमोर असतील तर मध्ये उतार असणारच, असा तर्क केला. तो खरा ठरला.

मराठ्यांची कवायती पायदळे पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली होती, त्यात बेगम समरूची पलटणही होती. त्यांनी तोंड फिरवून नवी फळी धरली. मराठा गोलंदाज तर इंग्रज पुढे सरकल्यावर मेल्यासारखे तोफांपाशी पडून राहिले, उठले आणि त्याच तोफा शत्रूच्या पाठीवर वळवल्या. इंग्रजांनी लढाई जिंकली, ९८ तोफा घेतल्या, पण त्यांचेही सुमारे १,६०० लोक मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. वॉटर्लू जिंकल्यानंतरही वेलस्ली असईलाच आपली सर्वांत चांगली लढाई मानत असे. इंग्रजी पलटणींच्या निशाणांवर असईचे नाव आणि हत्ती आला. तोफेपाशी मेलेल्या गोलंदाजांचे नाव मात्र कोणी कोरले नाही. पाहणाऱ्याने ती बाजूही लक्षात ठेवावी.

उत्तरेला अन्वा येथे मध्ययुगीन मंदिर आहे, गावकरी त्यास मढ म्हणतात. आज गाभाऱ्यात शिवलिंग असले तरी बाहेरच्या भिंतींवर विष्णूच्या शक्तिरूपांच्या मूर्ती आहेत. हा प्रकार दुर्मीळ आहे, म्हणून येथे घाई करू नये. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रदक्षिणा घालावी म्हणजे आयुधे ओळखता येतात. त्याच दिवशी पुढे अजिंठा होतो. दक्षिणेला जालना रस्त्यावर टेकडीवरचा राजूरचा गणपती. अंगारकीला जालन्याहून व संभाजीनगरहून लोक रात्रभर चालत येतात.

शेती कापूस, मका, सोयाबीन आणि मिरचीची. तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईचा हिरव्या मिरचीचा बाजार मोठा आहे. ढिगांजवळ गेले की तिखटाने घसा धरतो, आणि तेथून परप्रांतात ट्रक भरून जातात. जेवणात ज्वारीची भाकरी व ठेचा. पाण्याची भिस्त दानापूरच्या जुई आणि सेलूदच्या धामणा या धरणांवर. पाऊस हुकला की दोन्ही तळ गाठतात, म्हणून पाहुण्यानेही पाणी जपून वापरावे.

राहण्याची सोय साधी आहे. अधिक सोयी जालन्यात व संभाजीनगरात. युरोपातील लोक ग्रीसच्या बेटावर एखादे घर आठवडाभर भाड्याने घेतात आणि रोज एकेक दिशा धरून परिसर हिंडतात. ती रीत या भागाला चपखल बसते: एक दिवस टेकाडे व नदीकाठ, एक दिवस असई, एक अन्वा-अजिंठा, एक राजूर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जालना हे जवळचे मोठे रेल्वेस्थानक. टेकाडावरचे खापर, मणी काही सापडले तर उचलू नये, जागीच राहू द्यावे. येथील उत्खननातील वस्तू संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या इतिहास वस्तुसंग्रहालयात आहेत. त्या आधी पाहून मग भोकरदनला यावे.